सुईच्या अग्रावरील विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याबद्दल प्रथम सर्व आजी-माजी विश्वस्तांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. या व्याख्यानमालेसाठी मला ‘विज्ञान आणि अहिंसा’ असा विषय सुचविण्यात आला होता. विषय थोर आहे, परंतु इतक्या व्यापक विषयावर बोलताना सर्वांनाच सर्व काही पटते आणि घरी जाताना हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मी त्यातील एक अगदी लहानसा भाग आज आपल्यासमोर ठेवणार आहे. रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी माकडांच्या लसिकाग्रंथीतून, शस्त्रक्रिया न करता, केवळ बारीक सुईने पेशी कशा काढल्या जातात. त्यामुळे हिंसा कितपत कमी होते. आणि जी उरते तिच्याशी आपला काय संबंध आहे, एवढाच आजचा विषय आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहण्यात आयुष्य घालविलेला एक विकृतिशास्त्रज्ञ या नात्याने मी बोलणार आहे, धर्मशास्त्राचा अधिकारी म्हणून नव्हे.

लसिकाग्रंथी हा शब्द अपरिचित वाटला, तरी वस्तू आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे तिला ‘अवधाण’ म्हणतात. ती गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. अशा शेकडो ग्रंथी मानेत, काखेत, जांघेत, पोटात व छातीत असतात. जखमेतून शिरलेले जंतू किंवा दंडावर टोचलेली लस जवळच्या ग्रंथीत पोहोचते. तेथे शरीर शत्रूची ओळख करून घेते. ग्रंथीच्या आत पेशींचे लहान लहान पुंजके तयार होतात. त्यांना ‘जर्मिनल सेंटर’ असे म्हणतात. या पुंजक्यांत बी पेशी आपले प्रतिपिंड पुन्हा पुन्हा बदलून पाहतात. ज्यांचे प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट चिकटते त्या टिकतात, बाकीच्या नष्ट होतात. काही आठवडे चालणाऱ्या या निवडीतून उत्तम प्रतिपिंडे निर्माण होतात.

रक्त तपासले तर तयार झालेली प्रतिपिंडे मोजता येतात. पण ती कशी तयार झाली, निवड किती दिवस चालली, कोठे अडली, हे रक्तातून कळत नाही. पाठशाळेचा निकाल फलकावर वाचता येतो, शिकवणे मात्र वर्गातच पाहावे लागते. एखादी लस अल्पकाळच का टिकते, एचआयव्हीवर इतक्या वर्षांत परिणामकारक लस का होऊ शकली नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्याला ग्रंथीच्या आत डोकावावेच लागते.

हे डोकावण्याचे साधन आपल्या भागाला नवे नाही. मानेवर गाठी आलेला रुग्ण नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत गेला, तर डॉक्टर बहुधा प्रथम ‘सुईची तपासणी’ लिहून देतात. कागदावर ती ‘एफएनएसी’ असते. गाठ दोन बोटांत धरून बारीक सुई आत घालतात, सिरिंजने किंचित ओढ देतात, सुई दोन-चार वेळा मागेपुढे करतात आणि जो थेंबभर द्रव येतो तो काचपट्टीवर पसरतात. बहुतेक वेळा भूलही लागत नाही. गंडमाळ, म्हणजे ग्रंथींचा क्षयरोग, ओळखण्यासाठी मराठवाड्यात ही तपासणी नित्याची आहे. पूर्वी याच निदानासाठी गाठ कापून काढावी लागे. टाके पडत, व्रण राही.

पशुवैद्यकातही हीच रीत आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आपण जाणताच. संकरित गाईंना गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिया या रोगात खांद्यापुढची ग्रंथी सुजते. तिच्यात सुई घालून काढलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की रोगाचे परजीवी दिसू शकतात. या पद्धतीचे मूळ शोधू गेल्यास १९०४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ग्रेग आणि ग्रे या डॉक्टरांनी निद्रारोगाच्या रुग्णांच्या मानेतील ग्रंथींमधून सुईने द्रव काढून रोगाचे परजीवी शोधले होते. म्हणजे साधन शंभर वर्षांहून जुने आहे. माकडांवरील लस-संशोधनात त्याचा पद्धतशीर उपयोग मात्र अलीकडचा आहे.

आता माकडांकडे वळू. आपल्या गावांत दिसते ते बहुधा काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर. प्रयोगशाळेत वापरले जाते ते मुख्यतः लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ऱ्हीसस माकडाच्या प्रदेशाची दक्षिण सीमा पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी दिलेली असे. अलीकडच्या पाहण्यांत ते या सीमेच्या दक्षिणेलाही पसरल्याचे आढळले आहे. नांदेडच्या घाटावर जी गोदामाई आपण पाहतो, तीच या प्राण्याची जुनी सीमारेषा आहे.

माकडाविषयी आपल्या लोकांच्या मनात असलेला जिव्हाळा सांगायला मला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात ३२ एकर जमीन गावातील माकडांच्या नावे नोंदलेली आहे, ही बातमी २०२२ मध्ये देशभर गाजली. मात्र याच देशातून १९५० च्या दशकात, भराच्या वर्षांत, लाखाहून अधिक ऱ्हीसस माकडे परदेशी पाठवली जात होती. पोलिओची लस तयार करण्यासाठी विषाणू वाढवावा लागे आणि तो माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढविला जाई. प्रवासात होणाऱ्या हालांमुळे १९५५ मध्ये निर्यात काही काळ थांबली. पुढे वैद्यकीय संशोधन व लसनिर्मिती यांसाठीच उपयोग करण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. ही अट पाळली जात नाही, लष्करी स्वरूपाच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत माकडे वापरली जातात, हे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७७ मध्ये बंदी जाहीर केली. १ एप्रिल १९७८ पासून ती अमलात आली.

बंदीपूर्वी गेलेल्या माकडांची संतती अमेरिकेतील संशोधन केंद्रांत वाढविली गेली. एचआयव्हीच्या संशोधनात आजही ‘भारतीय वंशाची ऱ्हीसस माकडे’ असा वेगळा उल्लेख केला जातो आणि त्यांना विशेष मागणी असते. ज्या ग्रंथींविषयी मी बोलणार आहे त्यांतील कित्येक, या अर्थाने, आपल्याच मातीतून गेलेल्या जीवांच्या वंशजांच्या आहेत.

पूर्वीची पद्धत अशी होती. माकडाला लस द्यायची, ठराविक दिवशी भूल देऊन जांघेतील किंवा काखेतील ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून घ्यायची, किंवा प्राण्याचा जीव घेऊन सर्व ग्रंथी एकदम तपासायच्या. एकदा काढलेली ग्रंथी पुन्हा पाहता येत नाही. तिसऱ्या आठवड्याला काय घडले हे एका माकडात पाहिले, तर त्याच ग्रंथीत सहाव्या आठवड्याला काय घडले असते हे कधीच कळत नाही. त्यासाठी दुसरे माकड लागते.

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच वेगवेगळ्या वेळी निरीक्षण करायचे आहे आणि प्रत्येक वेळी किमान सहा प्राणी हवे आहेत. जीव घेऊन तपासायचे तर तीस प्राणी लागतील. सुईने पेशी काढायच्या तर तेच सहा प्राणी पाचही वेळा उपयोगी पडतील. शिवाय त्याच प्राण्याची त्याच्याशीच तुलना होत असल्याने निष्कर्षही अधिक भरवशाचे येतात. हिंसा कमी करणारी पद्धत शास्त्रीय दृष्ट्याही सरस ठरावी, असा योग नेहमी येत नाही. येथे तो आला आहे.

प्रत्यक्षात माकडाला भूल दिली जाते. लस टोचलेल्या बाजूची ग्रंथी बोटांनी चाचपून किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने शोधतात. मग २२ ते २५ गेजची, म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची सुई घालून पेशी ओढून घेतात. ग्रंथी जागेवर राहते, तिचे काम चालू राहते आणि काही दिवसांनी तिच्यातूनच पुन्हा पेशी घेता येतात. या पेशींना चमकणारी रसायने लावून कोणत्या पेशी कोणते काम करीत आहेत हे यंत्राने मोजले जाते.

अमेरिकेतील ला होया येथील संशोधक शेन क्रॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या पद्धतीने ऱ्हीसस माकडांच्या ग्रंथीतील जर्मिनल सेंटरचा मागोवा घेतला. एचआयव्हीच्या प्रायोगिक लशीला काही माकडे चांगला प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत, या फरकाचे मूळ ग्रंथीत काय घडते त्याच्याशी जोडलेले आहे, हे त्यातून दिसले. पुढे त्याच परंपरेतील २०२२ च्या अभ्यासात लशीची पहिली मात्रा एकदम न देता १२ दिवसांत ७ वाढत्या हप्त्यांनी देण्यात आली. तेव्हा ग्रंथीतील निवडीची प्रक्रिया सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहिल्याचे आढळले. तोपर्यंत ही प्रक्रिया काही आठवड्यांची मानली जात असे. एकाच ग्रंथीकडे वारंवार परत जाता आले, म्हणून हे समजले.

सुई इतकी निरुपद्रवी असेल तर ती माणसालाच का लावू नये, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो अत्यंत योग्य आहे, आणि विज्ञान त्या दिशेने सरकलेही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कोविडची एमआरएनए लस घेतलेल्या १४ स्वयंसेवकांनी आपल्या काखेतील ग्रंथीतून अशा पेशी काढू दिल्या. लशीनंतर किमान १२ आठवडे जर्मिनल सेंटर कार्यरत होते, हे त्यांच्यामुळे कळले. एचआयव्हीच्या एका प्रायोगिक लशीच्या मानवी चाचणीतही स्वयंसेवकांच्या ग्रंथीतून सुईने पेशी घेण्यात आल्या. त्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांमध्ये अपेक्षित प्रकारच्या बी पेशी जाग्या झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वेच्छेने दंड पुढे करणारा माणूस आणि पिंजऱ्यातील मूक प्राणी यांतील फरक या सभेला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

येथपर्यंतचे चित्र समाधानकारक आहे. तथापि दुसरी बाजू झाकून ठेवणे मला उचित वाटत नाही.

पहिली गोष्ट, सुईने मिळणाऱ्या पेशी थोड्या असतात, कधी त्यांत रक्त मिसळते आणि ग्रंथीची अंतर्गत रचना कळत नाही. कोणती पेशी कोणाशेजारी होती हे पाहायचे तर अखंड ग्रंथीच लागते. म्हणून शस्त्रक्रिया पूर्णतः थांबलेली नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी प्राण्याला पकडावे लागते, भूल द्यावी लागते. सुईची वेदना अल्प असली तरी पकडले जाण्याचे भय अल्प नसते. आणि एकच प्राणी अनेक वेळा वापरला गेला की त्याच्या वाट्याला ते भय अनेक वेळा येते. प्राण्यांची संख्या घटली, पण एकेकावरचा भार वाढला, असेही घडू शकते. तिसरी आणि सर्वांत जड गोष्ट, सुई ही पिंजऱ्याची किल्ली नव्हे. प्रयोग संपल्यावर त्या माकडाचे काय होते, हे सुईच्या जाडीवरून ठरत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन लशीची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर झाली. पाच-पाचचे चार गट होते. तीन गटांना लशीची वेगवेगळी रूपे चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा दिली गेली, एका गटाला लस दिली नाही आणि त्यानंतर चौदा दिवसांनी सर्वांना विषाणूचा संसर्ग करण्यात आला. लस मिळालेल्या गटांत न्यूमोनियाची लक्षणे आढळली नाहीत, हे फुफ्फुसाचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरविण्यात आले. अशा तपासणीला सुई पुरत नाही. तिच्यासाठी जीव द्यावा लागतो. ही माकडे मिळविण्यासाठी टाळेबंदीच्या काळात महाराष्ट्राच्या वनविभागाच्या मदतीने शोध घ्यावा लागला आणि अखेर ती नागपूर परिसरात सापडली, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या ‘गोइंग व्हायरल’ या पुस्तकात नमूद केले आहे. कोविशील्डचे मूळ सूत्रही २०२० मध्येच अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर तपासले गेले होते. या सभागृहातील बहुतेकांच्या दंडात या दोहोंपैकी एक लस गेलेली आहे.

येथे विज्ञानाचा विषय आपल्या धर्मविचाराला स्पर्श करतो, म्हणून थोडे त्याविषयी. आपल्या परंपरेत हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि उरलेल्या तिन्ही विवेकाने कमी करीत न्याव्यात, असा उपदेश आहे. प्राण्यावरील प्रयोग कोणत्या प्रकारात बसतो? तो रोगाविरुद्ध आहे, म्हणून विरोधी हिंसा म्हणावी, तर माकड हा काही आपला शत्रू नव्हे. तो व्यवसायाच्या ओघात घडतो, म्हणून उद्योगी म्हणावी, तर तो आधी ठरवून, लिहून, मंजुरी घेऊन केला जातो. संकल्पी म्हणावी, तर करणाऱ्याच्या मनात क्रूरता नसते, करुणाही असू शकते. मी यावर बराच विचार केला आहे आणि कोणत्याही एका कप्प्यात तो निःशंकपणे बसवता आलेला नाही. याचा निर्णय जाणकारांनी करावा.

एक गोष्ट मात्र मला निःशंक वाटते. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन दरवाजे आपल्याला लहानपणापासून शिकविले जातात. लस टोचून घेणाऱ्या प्रत्येकाचा हात तिसऱ्या दरवाजावर आहे. लस घेऊ नये, असे मी कदापि म्हणणार नाही. घरातील वृद्धाचे व बालकाचे रक्षण हेही कर्तव्यच आहे. परंतु ‘आम्ही तर मुंगीही मारीत नाही’ असे म्हणून प्रयोगशाळेकडे पाठ फिरवणे सत्याला धरून होणार नाही. ऋण आहे हे मान्य केले, तर ते कमी करण्याचा विचार सुरू होतो.

तो विचार पाश्चात्त्य विज्ञानानेही आपल्या परीने केला आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि पद्धत कमी वेदनेची करा. सुईची पद्धत दुसऱ्या व तिसऱ्या सूत्रात बसते, पहिल्यात नव्हे. भारताने १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेले प्रयत्न होते. प्रयोग शक्य तेथे टाळावेत, लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा घेऊ नये, भूल द्यावी, हे तत्त्व त्या कायद्याच्या १७ व्या कलमात आहे. पुढे आपल्या केंद्रीय समितीने तीन सूत्रांत चौथ्याची भर घातली, ती म्हणजे प्रयोगानंतर प्राण्याचे पुनर्वसन. ही भर भारतीय आहे, याचा मला अभिमान वाटतो. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरील व तत्सम चाचण्यांचा मार्गही खुला झाला आहे.

मग आपण काय करावे? दोनच सूचना करून थांबतो.

प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती असते. तिच्यात शास्त्रज्ञ व पशुवैद्यकांबरोबर समाजाचे भान असलेली, शास्त्रज्ञ नसलेली एक व्यक्तीही केंद्रीय समितीकडून नेमली जाते. किती प्राणी, कशासाठी, सुईने भागेल का, शेवटी त्यांचे काय होणार, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. ही खुर्ची केवळ उपस्थितीच्या सहीपुरती राहू नये. आपल्या समाजात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत. हिशेब तपासण्याची आपली कीर्ती आहे. जीवांचा हिशेब तपासण्यासाठी त्यांच्यातील काहींनी अभ्यासपूर्वक पुढे यावे.

दुसरी सूचना तरुणांसाठी. ‘लातूर पॅटर्न’ने आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांनी हजारो मुलामुलींना वैद्यकशास्त्राच्या दारापर्यंत नेले आहे. त्यांतील काही उद्या संशोधक होतील आणि एखाद्या दिवशी प्रयोगाचा आराखडा लिहायला बसतील. प्राण्यांच्या संख्येच्या रकान्यात आकडा भरण्यापूर्वी त्यांनी क्षणभर थांबावे. तीसच्या जागी सहा लिहिता येतील का? सहाच्या जागी शून्य लिहून स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांची मदत घेता येईल का? आणि आपल्यापैकी कोणाला उद्या असा स्वयंसेवक होण्याची विनंती झाली, तर सर्व माहिती घेऊन, निर्भयपणे, काखेतील त्या लहानशा गाठीतून थेंबभर पेशी द्याव्यात. ज्या सुईला आपण माणसासाठी निरुपद्रवी म्हणतो ती प्रथम आपल्याच अंगाला लागावी, हे आपल्या संस्कारांना शोभणारे आहे.